बग्गीखालच्या काकू

मनीषनगरात आम्ही खोली पाहायला गेलो, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला एकही प्रश्न विचारला नाही. नवऱ्याची नोकरी, माझं माहेर, पाहुणे किती येतात, घरात मटण शिजतं का, या सगळ्याची उत्तरं मी रस्ताभर मनात घोकत आले होते. बाई फाटकाशी आल्या, आमच्या मोटरसायकलजवळ उकिडव्या बसल्या, मान वाकडी करून तिच्या खाली पाहिलं, बोटानं साखळी दाबली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "यावर बसून रोज मौद्याला जाणार तुम्ही?"

नवरा तिथल्या वीज केंद्रात पाळीवर होता. तो हो म्हणाला.

"साखळी सैल आहे. आधी ती घट्ट करून या. खोली काही पळून जात नाही."

आम्ही गेलो, साखळी घट्ट करून परत आलो आणि खोली मिळाली. नवरा त्या दिवशीच म्हणाला होता की या बाईंबरोबर आपलं जमणार नाही. मला मात्र त्या आवडल्या. मी लहान गावातून आलेली, नवीन लग्नाची, हायवेवरचे ट्रक पाहून डोळे मिटून घेणारी मुलगी होते. माझ्याआधीच कुणीतरी काळजी करून ठेवली आहे हे पाहून मला बरं वाटलं होतं. पुढे त्या काळजीचा मलाही किती त्रास होणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

आम्ही त्यांना काकू म्हणायचो. अंगानं बारीक, पाठीत थोड्या वाकलेल्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि कमरेला साडीत खोचलेली एक छोटी टॉर्च. आयटीआयमध्ये मुलांना यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. काका पोस्टातून रिटायर झालेले, शांत, पेपर शेवटच्या पानापासून वाचणारे. लेक पुण्याला नोकरीला.

काकूंना चोराची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, पाल त्या कागदात धरून बाहेर सोडत. त्यांना भीती होती ती नटांची आणि खिळ्यांची. ऑटोत बसायच्या आधी त्या खाली वाकून पाहत आणि ऑटोवाला वैतागून निघून जाई, मग दुसरा थांबवत. उन्हाळ्यात कोणी खिडकीला कूलर लावला की त्या स्टँडखाली जाऊन उभ्या राहत आणि वर टॉर्च मारत. शेजारच्यांनी नवा झोपाळा बांधला, पेढे द्यायला आले, तर काकूंनी पेढा हातात घेऊन विचारलं, "कड्या खालून पाहिल्या का?" ते लोक नंतर पेढे घेऊन आले नाहीत.

"वस्तू मोडायच्या आधी सांगत असते," त्या मला म्हणायच्या. "कुरकुरते, हलते, एखादा नट गळून पडतो. ऐकायला कोणी नसतं, म्हणून मग मोडते."

नवऱ्याला यायला उशीर झाला की मी गच्चीवर जाऊन उभी राही. थोड्या वेळानं काकूही येत. वाळलेले कपडे काढल्यासारखं करत, पण कपडे तर दुपारीच काढलेले असत. आम्ही दोघी रस्त्याकडे पाहत राहायचो. मोटरसायकलचा दिवा वळणावर दिसला की त्या "आला गं" एवढंच म्हणून खाली उतरत. सोबत असल्यानं धीर येई हे खरं, पण त्याही आल्या म्हणजे काळजीचं कारण असणारच, असंही वाटत राही.

नवरा याला दोन वेड्या बायांचा कारभार म्हणायचा. पण साखळी तो दर रविवारी तपासायला लागला होता.

बग्गीचं प्रकरण आम्ही राहायला जाण्याआधी सुरू झालं होतं. ते मला काकांनी थोडं सांगितलं आणि काकूंनी थोडं, तेही तुकड्यातुकड्यानं. काकूंच्या भाच्याचं लग्न होतं. वरातीला दोन पांढऱ्या घोड्यांची बग्गी आणली होती. हॉलकडे वळताना फटाके फुटले, डावा घोडा बिचकून आत वळला आणि बग्गी नवरदेवासकट आडवी झाली. भाच्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधून तो बोहल्यावर उभा राहिला, तसे फोटो आहेत. डावा घोडा खाली पडला होता आणि दोन घोड्यांच्या मधल्या दांड्यात त्याचा पाय अडकला होता. तो सुटेपर्यंत रस्त्यावर डोकं आपटत होता.

सगळे भाच्याकडे धावले. काही जणांनी बग्गीवाल्याची कॉलर धरली. आणि काकू पैठणी नेसलेल्या, कमरेची टॉर्च काढून आडव्या पडलेल्या बग्गीखाली पाहत बसल्या.

त्यांच्या भावानं, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, ते पाहिलं. माझा मुलगा रस्त्यावर कण्हत होता आणि माझी बहीण गाडी बघत होती, हे ते अजून सांगतात. भाऊबीजेला काकू त्यांच्याकडे जात, पण जेवायला कोणी थांबवत नसे. त्याबद्दल त्या एकदाच माझ्याजवळ बोलल्या. म्हणाल्या, "त्याच्याभोवती सगळा मांडव जमला होता. बग्गीकडे कोणीच नव्हतं. आणि आडवी पडली होती म्हणून सगळं नीट दिसत होतं. उभी असती तर दिसलं नसतं."

त्यांनी जे पाहिलं ते मला स्वयंपाकघरातला स्टूल घेऊन समजावलं. बग्गीची पुढची दोन चाकं एका आसावर असतात आणि तो आस मधल्या एका जाड खिळ्याभोवती फिरतो, तेव्हा गाडी वळते. घोडा फार वळला तर आस पार फिरतो आणि पुढची चाकं बग्गीच्या पोटाखाली शिरतात. "आता या स्टुलाचे पुढचे दोन पाय एकमेकांजवळ आण," त्या म्हणाल्या. "काय होईल?"

"पडेल."

"मग घोड्याला कशाला मारायचं?"

सगळे म्हणत होते की घोडा उधळला, घोडा खराब होता. काकूंना त्याचा राग होता. "घोडा बिचकणारच," त्या म्हणायच्या. "तो घोडा आहे. कानाशी बँड, पायाशी फटाके. तो बिचकेल असं धरूनच गाडी बांधायला पाहिजे ना?"

तेव्हापासून त्या लग्नालग्नांतून बग्गीखाली वाकायला लागल्या. ओळखीचं लग्न असो नसो. वर्धा रोडला एखादी वरात दिसली की काकांना स्कूटर थांबवायला लावत. नवरदेव वर बसायची वाट पाहतोय, बायका ओवाळायचं ताट घेऊन उभ्या आहेत, आणि एक म्हातारी बाई चाकामागून बाहेर येतेय, असं किती लग्नांच्या व्हिडिओत असेल देव जाणे. काका अशा वेळी पानाच्या ठेल्याशी उभे राहत, आपण त्यांच्याबरोबर नाहीच असे.

ज्याची बग्गी पडली त्या बग्गीवाल्याचं नाव दशरथ. इतवारीच्या मागच्या गल्लीत त्याचे घोडे होते. त्या लग्नानंतर बँडवाले त्याला काम देईनासे झाले. काकू त्याला शोधत हातठेल्यांच्या गर्दीतून, भांड्यांच्या दुकानांतून विचारत विचारत गेल्या. घोड्यांची पागा कुठे, एवढंच विचारत. त्या नवरदेवाच्या घरची बाई आली हे कळल्यावर दशरथ गवताच्या भाऱ्यांमागे लपला आणि बायकोनं सांगितलं की ते घरी नाहीत. काकू पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळानं तोच कंटाळून बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला. पोलीस आणले असतील असं त्याला वाटलं होतं.

काकू म्हणाल्या, "मला तुमची बग्गी खालून पाहायची आहे."

पावसाळ्यात बग्ग्यांना काम नसतं. त्या पावसाळ्यात दशरथची बग्गी टेंपोवर चढून मनीषनगरात आली आणि आमच्या पोर्चमध्ये उभी राहिली. तोवर आम्ही तिथे राहायला जाऊन बरेच दिवस झाले होते, माझी मिनू चालायला लागली होती. लाल रेक्झिनची गादी, दोन्ही बाजूंना पत्र्याचे सोनेरी मोर, मागे प्लास्टिकच्या गुलाबांची कमान. काकांची स्कूटर रस्त्यावर गेली. येणारेजाणारे विचारत, काय हो, कोणाचं लग्न? काका म्हणायचे, "आमचंच. पुन्हा एकदा."

मला ते दिवस आठवतात ते वेल्डिंगच्या वासानं. कोपऱ्यावरचा वेल्डर सामान घेऊन यायचा आणि काकू काळी काच डोळ्यांपुढे धरून त्याच्याशेजारी बसायच्या. ड्रॉइंग जुन्या कॅलेंडरांच्या मागे काढलेली. वर सोनेरी मोर तसेच राहिले आणि खाली सगळं बदलत गेलं. एका खिळ्याच्या जागी त्यांनी मोठी लोखंडी कडी बसवली, जवळजवळ आसाएवढी रुंद, म्हणजे बग्गीचा भार सगळीकडून पेलला जाईल. मागची चाकं एकमेकांपासून लांब घेतली. बसायची पेटी खाली उतरवली. आणि कडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडाचे दोन अडसर लावले, म्हणजे घोडा कितीही वळला तरी आस अमुक एका जागेपुढे फिरणारच नाही.

इथवर सगळं झालं तेव्हा नवरात्र आलं होतं. दशरथ अधूनमधून यायचा, बग्गीभोवती फिरायचा, खुशीत परत जायचा. त्याच्या मते काम संपलं होतं. काकूंची झोप मात्र तेव्हाच उडाली.

"अडसर लावला," त्या मला म्हणाल्या, "म्हणजे आस अडला. पण घोड्याचा जोर तर थांबला नाही. तो जोर आता कुठे जाईल?"

काकाच पेपरमधून म्हणाले, "दांड्यात."

तेच होतं. घोड्यांच्या मधला लांब दांडा त्या आसाला जोडलेला असतो. आस अडला की सगळा जोर दांड्याच्या मुळाशी येणार. दांडा मोडला तर त्याचं टोक घोड्यांच्या पोटात किंवा माणसांच्या गर्दीत. म्हणून काकूंना दांडा नवा आणि त्याच्या मुळाशी अशी एक खुंटी हवी होती की फार जोर आला तर दांडा मोडायच्या आधी सुटेल आणि घोडे मोकळे होतील. पहिली खुंटी फार लवकर सुटली. रेतीची पोती लाल गादीवर बसवून काका आणि माझा नवरा दोर लावून बग्गी ओढत होते, ते दांड्यासकट पुढे गेले आणि बग्गी मागेच राहिली. काका हसून हसून खाली बसले. नवरदेव चौकात आणि घोडे हॉलवर, म्हणाले. काकू हसल्या नाहीत. दुसरी खुंटी सुटलीच नाही. तिसरी कधी सुटे, कधी नाही, आणि ती सगळ्यात वाईट, असं त्यांचं म्हणणं.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली. दूर कुठे बँड वाजला की काकू हातातलं काम सोडून ऐकत उभ्या राहायच्या. दशरथ एकदा आला, दोनदा आला, काकू आणखी थोडे दिवस मागत राहिल्या. शेवटी तो टेंपो आणि दोन भाऊ घेऊनच आला.

काकू बग्गीच्या चाकाला हात लावून उभ्या होत्या. दांडा बदलल्याशिवाय नेऊ नका, एवढंच त्या म्हणत होत्या. दशरथनं आवाज चढवला नाही. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखं माह्या गाडीसाठी कोणी केलं नाही. पण तुमचं भेव सरतच नाही. तुमच्या भेवानं माहे घोडे उपाशी मरतीन."

काकूंनी हात काढला.

टेंपो निघाला तेव्हा त्या ड्रायव्हरला गतिरोधकावरून सावकाश ने म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्यानंतर त्या गच्चीवर येईनाशा झाल्या. त्यांचं बीपी वाढलं. संध्याकाळी बँड ऐकू आला की त्या उठून सगळ्या खिडक्या लावून घेत. काका म्हणायचे, दशरथ बिचारा बरोबर बोलला. काकू म्हणायच्या, "बरोबरच बोलला. पण दांडा तसाच आहे ना."

माझ्या धाकट्या दिराचं लग्न त्याच मोसमात होतं. गोरज मुहूर्त होता. वरात देवळापासून निघून ऊन उतरता उतरता हॉलवर पोचायची होती. बँडची आणि बग्गीची सोय सासूबाईंनी परस्पर केली होती. काका-काकूंना आमंत्रण होतंच. काकू रेशमी साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या, हे मी पाहिलं.

बग्गी आली. कमानीला खरी झेंडूची फुलं लावली होती, घोड्यांच्या डोक्यावर तुरे. पण सोनेरी मोर मी ओळखले. मी नऊवारी सावरत सगळ्यांसमोर खाली वाकले. आयुष्यात पहिल्यांदा असं केलं. ती मोठी कडी तिथे होती, दोन अडसर होते, आणि दांडा जुनाच होता.

मी काकूंना शोधलं आणि सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या दशरथजवळ गेल्या. तोही त्यांना पाहून दचकला. दांडा बदलला का, त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "आता काय करू, मॅडम? नवरदेव बसून राहिले."

दीर वर चढला होता. माझी मिनू त्याच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवत होती. मी तिला खाली घेतलं तेव्हा तिनं भोकाड पसरलं, आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शुभकार्यात पाणी ओतलंय. काकू सासूबाईंना काही सांगायला गेल्या. त्या म्हणाल्या, अहो, मुहूर्त जवळ आलाय, तुम्ही शरबत घ्या. काकू परत माझ्याजवळ आल्या.

"मग मी सोबत चालते," म्हणाल्या. "तू त्या बाजूनं चाल."

एवढंच आम्हाला करता येण्यासारखं होतं. त्या डाव्या मागच्या चाकाशी, मी उजव्या. पुढे बँड, मुलं नाचतायत, बायका फुगड्या घालतायत, आणि आम्ही दोघी चाकांकडे पाहत चाललो होतो. काकू नाचणाऱ्या मुलांकडे जाऊन फटाके नका लावू म्हणून सांगून आल्या. मुलं हो काकू, हो काकू म्हणाली. नवरा मला नाचायला बोलवत होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तो निघून गेला. माझ्या हातात मिनूचा हात होता, तो कधी सुटला मला कळलं नाही. कोणीतरी तिला उचलून पुन्हा दिराच्या मांडीवर ठेवलं होतं. मी हाक मारली, पण बँडमध्ये ती कोणाला ऐकू जाणार? गाडी थांबेना. हॉलचं वळण समोर आलं.

वळणावरच कोणीतरी फटाक्यांची लड लावली.

उजवा घोडा आधी मागच्या पायांवर उभा राहिला आणि मग डावीकडे कोसळल्यासारखा वळला. दोन्ही घोडे तिकडे गेले. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. आस अडसराला लागला होता. माझ्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून उठलं. ते हवेत फिरताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी काय केलं ते मला आठवत नाही, पण नंतर कळलं की मी मडगार्डला लोंबकळले होते आणि माझ्याशेजारी काकू लोंबकळत होत्या. त्या बग्गीच्या मागून इकडे कधी आल्या देव जाणे. वर मिनू हसत होती. तिला झोपाळा वाटला.

चाक परत खाली आलं. दशरथनं लगाम ओढून धरले होते आणि तो घोड्यांशी बारीक आवाजात बोलत होता. ते उभे राहिले, थरथरत.

वरातीत कोणाला काही कळलं नाही. बँड थांबलाच नव्हता. दिराचा फेटा वाकडा झाला होता, तो त्यानं सरळ केला. मी मिनूला ओढून घेतलं आणि ती पुन्हा रडायला लागली.

काकू दांड्याच्या मुळाशी वाकल्या. दशरथही वाकला. लाकूड उभं चिरलं होतं, हाताचं बोट जाईल एवढं. दशरथनं त्यात बोट घालून पाहिलं. मग उठला, घोडे सोडले आणि पुढे येऊन मुलांना सांगितलं की जनावर दमलं आहे. मुलांना तेवढंच पुरे झालं. त्यांनी आरडाओरडा करत बग्गीला खांदे लावले आणि नवरदेवाला हातानं ओढत हॉलपर्यंत नेलं. आमच्या सासरी ते लग्न अजून त्यासाठीच आठवतात. घोडे सोडून मित्रांनी बग्गी ओढली, असं लग्न पुन्हा झालं नाही, म्हणतात.

मंगलाष्टकं चालू होती तेव्हा काकू हॉलच्या बाहेर पायरीवर बसल्या होत्या. साडीला ग्रीस लागलेलं, तळहात सोलला होता. मी जवळ बसले. मी म्हटलं, काकू, तुमच्या अडसरानं वाचवलं. त्या म्हणाल्या, "चाक उठलं किती पाहिलंस ना? पेटी अजून खाली घ्यायला हवी होती."

दशरथ चहा घेऊन आला. कप त्यांना सोललेल्या हातात धरवेना, म्हणून त्यानंच खाली ठेवला. तो म्हणाला, "उद्या घेऊन येऊ का गाडी?"

"लग्नं आहेत ना तुमची?"

"नाई करत," तो म्हणाला. "हे झाल्याबगर नाई करत."

तो मोसम त्याचा तसाच गेला. घोडे त्यानं एका नातेवाइकाच्या गाडीला जोडून दिले. बग्गी पुन्हा पोर्चमध्ये आली, पेटी आणखी खाली गेली, दांडा नवा आला. खुंटी शेवटी जमली, ती दशरथनं आणि काकूंनी मिळून बसवली. ओढून पाहायला आता दशरथचे खरे घोडे आले होते आणि गल्ली बघायला उभी होती. पुढच्या वर्षी दशरथनं दुसरी बग्गी घेतली आणि तिचंही खालचं सगळं तसंच करून घेतलं. त्याच्या गल्लीतल्या दोघांनी नक्कल केली, पण अडसर दिसायला वाईट म्हणून काढून टाकले. काकू तिकडे गेल्या, त्यांच्याशी भांडल्या. एकानं लावले, एकानं नाही लावले. ज्यानं नाही लावले त्याच्या बग्गीची वरात कुठे आहे, हे काकू दशरथला विचारून ठेवत आणि लग्न नीट लागलं का ते दुसऱ्या दिवशी फोन करून विचारत. बँडवाल्यांना वाटे, या बाईंचं लग्नं जमवण्याचं ऑफिस आहे.

काकूंचे भाऊ मात्र बोलले नाहीत. दुरुस्त झालेली बग्गी पाहायला या, असं काकूंनी एकदा फोनवर सांगितलं होतं. तिकडून फोन ठेवून दिला. काकूंनीही फोन जागेवर ठेवला आणि त्या म्हणाल्या, "त्याच्या मुलाचं हाड नीट जुळलंय. मी जुळलेलं पाहिलंय. हाडाचा फोटो काढून आणायला सांगितला होता मीच." एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

नवऱ्याची बदली झाली. दुसऱ्या वीज केंद्रावर, महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. सामानाचा ट्रक आला तेव्हा काकूंनी त्याच्याखाली जाऊन ड्रायव्हरकडून जादा चाकाची साखळी पुन्हा आवळून घेतली. ड्रायव्हर म्हातारा होता, त्यानं निमूट ऐकलं. आम्ही भाड्याच्या गाडीनं निघणार होतो, तीही पाहून झाली. मिनूनं त्यांना मिठी मारली. मी पाया पडले आणि म्हटलं, पोचलो की फोन करते.

"नको," काकू म्हणाल्या.

मला वाटलं त्या रागावल्या.

"फोन करू नकोस," त्या म्हणाल्या. "करणार म्हणालीस की मी वाट पाहत बसणार. आणि तुला उशीर झाला तर इथे मी काय करू? मला सांगूच नकोस. मी समजेन पोचलात."

मी त्यांचं ऐकलं. पोचल्यावर फोन केला नाही. नवीन क्वार्टरमध्ये पंखा लागत नव्हता, गॅस मिळाला नव्हता, मिनू पेंगत होती. सामानाच्या खोक्यांवर बसून आम्ही डब्यातल्या पोळ्या खात होतो, तेवढ्यात फोन वाजला. काका होते.

"ती काही विचारत नाहीये," काका म्हणाले. "मीच विचारतोय. पोचलात ना?"

मी म्हटलं, पोचलो काका, सगळे नीट पोचलो.

मग काकांच्या मागून, अगदी फोनजवळून, काकूंचा आवाज आला.

"चाकं गरम झाली होती का, विचारा."